सोलापुरात दोन लेन्सची तुलना कशी करावी

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि स्वस्तातली ५० मिमी एफ १.८ प्राइम लेन्स (म्हणजे झूम न होणारी, एकाच लांबीची) ही जोडी नवशिक्यांकडे हमखास आढळते. ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते आणि प्रकाश अधिक येतो. त्यांतील फरक पडताळण्यासाठी छापील तक्ते विकत घेण्याची गरज नाही. घरातली सोलापुरी चादर पुरेशी आहे, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचे पथ्य पाळावे.

प्रथम चादर सुरकुत्या न पडू देता भिंतीवर ताणून लावावी. तिची भौमितिक नक्षी काठापासून काठापर्यंत सारखीच असल्यामुळे चित्राचा मध्य आणि कोपरे यांच्यातील फरक चटकन लक्षात येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल आणि दोन सेकंदांचा टायमर निवडावा व लेन्सचे दोष आपोआप सुधारणारी कॅमेऱ्यातील सोय बंद करावी. झूम ५० मिमीवर आणून दोन्ही लेन्सनी एफ ५.६, एफ ८ आणि एफ ११ वर छायाचित्रे घ्यावीत आणि लेन्स बदलल्यावर फोकस नव्याने करावा. एफ ५.६ वर झूम जवळपास पूर्ण उघडी असते, तर प्राइम तीन स्टॉपहून अधिक मिटलेली असते (एक स्टॉप मिटणे म्हणजे प्रकाश निम्मा होणे). त्यामुळे तेथील प्राइमच्या सरशीचे फार कौतुक करू नये, एफ ८ वरची तुलना अधिक न्याय्य ठरते. एकच कोपरा पुसट आला, तर लेन्सला दोष देण्यापूर्वी कॅमेरा तिरका नव्हता ना, हे पाहावे.

त्यानंतर भुईकोट किल्ल्यावर जावे. तटाच्या दगडांचे सरळ थर १८ मिमीवर कडेला किती वाकतात, हे तेथे स्पष्ट दिसते. जवळच्या सिद्धेश्वर मंदिराचा कळस उजळ आकाशासमोर ठेवून प्राइमने एफ १.८ वर आणि मग एफ ४ वर टिपावा. कडेची जांभळी किनार बहुधा दुसऱ्या चित्रात ओसरलेली असते.

खरी कसोटी यंत्रमागाच्या कारखान्यात लागते. मालकाची आणि कामगारांची परवानगी आधी घ्यावी. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ वर नऊ पटींहून अधिक प्रकाश मिळतो, म्हणजे झूमला आयएसओ ६४०० लागत असेल, तेथे प्राइमचे काम साधारण ६४० वर भागते. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असल्याने शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे. धावता धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) त्यात पुसट येईल, ते चालवून घ्यावे. परंतु दोन मागांमधल्या अरुंद वाटेत मागे सरकायला जागा नसते आणि लहान सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची चौकट फारच आवळते, तेव्हा कारागीर आणि माग एकत्र हवे असतील, तर झूमच घ्यावी लागते.

शेवटी फाइलींच्या नावांतून लेन्सचा उल्लेख काढावा, छायाचित्रे नेहमी जेवढी छापतो तेवढ्याच आकारात उघडावीत आणि कोणते कोणत्या लेन्सचे, हे घरातील दुसऱ्या कोणाला तरी ओळखायला सांगावे.