तापीकाठची दरड वाचायची कशी

खान्देशात तेलविहिरी नाहीत, पण तेल साठवणारा वाळूचा थर घडतो कसा, हे तापी-पूर्णेच्या काठावर उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, तेही वाळूच्याच थरांत. तेल असो की पाणी, ते राहतं कणांमधल्या पोकळीत.

पाणी ओसरल्यावर, डिसेंबर ते मे या काळात जा. हतनूर धरणाचं पाणी सुटणार असेल तर पात्रात उतरूच नका. तळाशी पोखरलेली, पुढे झुकलेली दरड टाळा. कोरडा पोयटा उभ्या भेगेवरून अख्खा सुटतो. सोबत खुरपं, टेप, दहापट भिंग, आलेखाचा कागद आणि १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या.

आधी दरडीचा ५ सेमी थर खरवडा. वरून ओघळलेला चिखल वाळूवर बसतो आणि वाळू मातीसारखी दिसते. नोंदी बहुतेक इथेच चुकतात. मोजायचं तळापासून वर, गाळ ज्या क्रमाने साचला त्या क्रमाने. कागदावर १ सेमी म्हणजे दरडीवर २० सेमी. प्रत्येक थराची जाडी, कण आणि खालची सीमा लिहा. २ मिमीपेक्षा मोठी ती खडी-गोटे, २ ते ०.०६ मिमी वाळू, त्याहून बारीक पोयटा आणि ०.००४ मिमीखाली चिकणमाती. ओल्या चिकणमातीची वळी होते, पोयट्याची लगेच तुटते. तळाशी खरखरीत सीमेवर गोटे, वर वाळू आणि त्यावर पोयटा-चिकणमाती असा क्रम दिसला, तर तिथे नदीचं पात्र होतं आणि ते सरकल्यावर पुराचा गाळ बसला. पात्रातली वाळू म्हणजे साठा, वरची चिकणमाती म्हणजे झाकण.

आता पोकळी मोजा. मोजपात्रात ५०० मिली पाणी घेऊन त्यात ठोकून मोजलेली ५०० मिली कोरडी वाळू हळूहळू सोडा. वाळूवर पाणी ओतलं तर हवा अडकते आणि आकडा फसवतो. पातळी ८१० वर थांबली तर कण ३१० मिली, पोकळी १९० मिली, म्हणजे ३८ टक्के. खोल गाडल्यावर दाबाने ही पोकळी घटते.

भिंगाखाली काळपट कण नीट पाहा. ते बेसाल्टचे असतात आणि आपल्या वाळूत त्यांचा भरणा मोठा. जमिनीखाली ते सडून चिकणमाती व झिओलाइट (एक स्फटिकी खनिज) तयार होतात, पोकळ्या बुजतात. गारगोटीची वाळू म्हणूनच चांगली. आम्ल टाकल्यावर फसफसलं तर चुना आहे, तोही पोकळी भरतो.

एका जागेवरून निष्कर्ष काढू नका. काठाने ५० मीटर चालून दुसरी नोंद करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. वाळूचा थर अनेकदा मधेच पातळ होऊन संपतो. तेलविहीर कोरडी निघण्याचं हे एक मोठं कारण; रावेर-यावलकडे शेजारच्या दोन बोअरचं पाणी वेगळं असण्यामागेही हेच असू शकतं.