पीएलजीए नॅनोकणांवर कायटोसानचं कोटिंग: कण द्रावणात ओता, द्रावण कणांत नाही

एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा विषय बहुधा ठरलेला असतो: 'कायटोसान कोटेड पीएलजीए नॅनोपार्टिकल्स'. पीएलजीए म्हणजे शरीरात हळूहळू विघटन होणारं पॉलिमर, त्याच्या अतिसूक्ष्म कणांत औषध भरतात; कायटोसान हे धनभारित पॉलिमर, त्याचा लेप कणांवर चढवतात. मी आधी विचारते, औषध शरीरात जाणार कुठून? शिरेतून जाणार असेल तर कायटोसान बाजूला ठेवा. धनभारित कणांना रक्तातली प्रथिनं लगेच चिकटतात आणि यकृत-प्लीहेतल्या पेशी ते कण गिळून टाकतात. तिथे पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) हवं. पीईजीचं आवरण असलेले विघटनशील कण रक्तात जास्त वेळ टिकतात, हे एमआयटीतल्या रॉबर्ट लँगर यांच्या गटाने 1994 मध्ये दाखवलं होतं. औषध जठर ओलांडून आतड्यात सुटायला हवं असेल तर युड्राजिट एल 100 हे लेपाचं पॉलिमर बघा, ते पीएच 6 च्या वर विरघळतं. नाक, डोळा, गालाची आतली बाजू अशा म्युकस असलेल्या जागांसाठी मात्र कायटोसान उत्तम. म्युकसमधलं म्युसिन ऋणभारित असतं, त्याला ते धरून राहतं.

पीएलजीए 50:50 (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटक निम्मे-निम्मे) घ्या, आणि टोकाला मोकळा कार्बोक्सिल गट असलेलं. एस्टर टोकाचं स्वस्तात मिळालं तरी नको, कारण कायटोसानला धरायला कणाच्या पृष्ठभागावर ऋणभार लागतो. फ्रीझरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आत दव धरलं की पॉलिमर बाटलीतच तुटायला लागतं.

सरावासाठी औषध म्हणून मी कर्क्युमिन देते. कुठे गळतंय ते पिवळ्या रंगावरून डोळ्यांना दिसतं. 50 मिग्रॅ पीएलजीए आणि 5 मिग्रॅ कर्क्युमिन 5 मिली अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवा. 1 टक्का पोलोक्सामर 188 (कणांना एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) असलेलं 20 मिली पाणी मॅग्नेटिक स्टररवर फिरत ठेवा आणि त्यात हे द्रावण सुईने थेंब थेंब सोडा. याच कामासाठी वापरलं जाणारं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मी टाळते. कितीही धुतलं तरी त्याचा थोडा थर कणावर राहतो आणि खालचा भार झाकतो. फ्यूम हूडमध्ये रात्रभर ढवळत ठेवलं की अ‍ॅसिटोन उडून जातं. घाईने गरम करू नका, ओलं पीएलजीए लवकर मऊ पडतं. सकाळी सेंट्रीफ्यूजमध्ये 1,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) 5 मिनिटं फिरवा आणि तळाशी बसलेले मोकळ्या कर्क्युमिनचे स्फटिक टाकून द्या. मग वरचं द्रावण 15,000 जी वर 30 मिनिटं, 4 अंशांवर. पेलेट, म्हणजे तळाशी बसलेले कण, दोनदा पाण्याने धुऊन पुन्हा 20 मिली पाण्यात पसरवा.

कायटोसान कमी रेणुभाराचं घ्या. 1 टक्का अ‍ॅसिटिक आम्लात 0.1 टक्का, रात्रभर ढवळून, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 4.5 ते 5 वर आणा. 6.5 च्या आसपास त्याचा भार उतरतो आणि ते खाली बसायला लागतं. कोळंबी-खेकड्याच्या कवचाचा माल प्रत्येक लॉटला थोडा वेगळा वागतो, म्हणून लॉट नंबर वहीत लिहाच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. कायटोसानचं द्रावण ढवळत ठेवा आणि त्यात कण सोडा. उलट केलं, म्हणजे कणांत कायटोसान थेंबाथेंबाने घातलं, तर कणाचा भार ऋणाकडून धनाकडे हळूहळू जातो आणि वाटेत शून्य ओलांडतो. शून्याजवळ एकमेकांना दूर ढकलणारं काही उरत नाही. एक साखळी दोन-तीन कणांना बांधते आणि बीकरमध्ये कापसासारखे पुंजके दिसतात. ते सोनिकेटरने नीट सुटत नाहीत. कायटोसान मुबलक असेल तर प्रत्येक कण आत पडताक्षणी मढला जातो.

'मुबलक' म्हणजे किती, हे आधी छोट्या नळ्यांत ठरवा. कायटोसान आणि कण यांचं वजनी प्रमाण 1:20, 1:10, 1:5 आणि 1:2 घ्या. तासभर ढवळा, मग आकार आणि झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप, मिलिव्होल्टमध्ये) मोजा. कमी प्रमाणाच्या नळ्या गढूळ दिसतील. प्रमाण वाढवूनही झीटा जिथे वाढायचं थांबतं ते तुमचं प्रमाण. त्यापुढे घातलेलं कायटोसान पाण्यात मोकळं राहतं आणि पुढच्या प्रत्येक चाचणीत लुडबुड करतं, म्हणून सेंट्रीफ्यूज करून ते काढा. या वेळी वेग कमी ठेवा, वेळ वाढवा, आणि पेलेट कोरडं पडू देऊ नका.

मुलं झीटा उणे 30 चं अधिक 30 मिलिव्होल्ट झालं की आनंदाने धावत येतात. मी विचारते, कोरे, म्हणजे लेप नसलेले कण कशात मोजले? पाण्यात, म्हणतात. मग तुलनाच होत नाही, कारण नुसत्या आम्लानेही पीएलजीएचा ऋणभार कमी होतो. कोरे कण कायटोसानशिवाय त्याच आम्लातून न्या आणि दोन्ही नमुने पीएच 5 च्या त्याच पातळ अ‍ॅसिटेट बफरमध्ये मोजा. पीडीआय (कणांच्या आकारांत किती फरक आहे त्याचा निर्देशांक) 0.2 च्या आत हवा. आकार दुप्पट झाला तर तो लेपाचा थर नव्हे, गोळे आहेत.

पीएच 7.4 च्या फॉस्फेट बफरमध्ये 37 अंशांवर ठेवूनही बघा. पीएच 5 ला सुंदर दिसणारे कण तिथे गोळा होऊ शकतात, आणि नाकातला पीएच 5 नसतो. कोटिंगनंतरच्या वरच्या द्रावणात कर्क्युमिन किती आलं तेही 425 नॅनोमीटरजवळच्या प्रकाशशोषणावरून मोजा आणि कणांतल्या औषधाच्या हिशेबातून वजा करा. ही वजाबाकी पुष्कळ प्रबंधांत राहून जाते आणि त्यामुळे औषधाचे सगळे पुढचे आकडे फुगतात.

साठवायचे असतील तर 5 टक्के ट्रेहॅलोज घालून फ्रीज ड्राय करा. पावडर पाण्यात घालून हाताने हलवा, सोनिकेटर नको. नंतरचा आकार भागिले आधीचा आकार 1 च्या आसपास आला पाहिजे. दीडवर गेला तर ट्रेहॅलोज 10 टक्के करून बघा. कुपी घट्ट बंद, सोबत सिलिका जेल, आणि प्रकाशापासून दूर, 4 अंशांवर.