लांब पल्ल्याची गाडी: आधी सीट, मग टायर, दिवे शेवटी

टूरिंगसाठी मोटरसायकल सजवायला घेतली की बहुतेकांचा पहिला खर्च फॉग लॅम्पवर होतो. माझा क्रम वेगळा आहे. आधी अंग गाडीला टेकतं त्या जागा, मग गाडी रस्त्याला टेकते ती जागा, मग सामान आणि वायरिंग सगळ्यात शेवटी. शिवाय एका वेळी एकच बदल. सीट आणि हँडल एकदम बदलून पाठ दुखायला लागली, तर दोष कोणाला द्यायचा?

सीटला हात लावण्याआधी नेमकं काय दुखतंय ते बघा. मनगटं आणि खांदे दुखत असतील तर सीट निर्दोष असू शकते. हँडलबारचे बोल्ट ढिले करून तो किंचित आपल्याकडे फिरवा, ब्रेक-क्लचच्या लिव्हर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषेत येतील इतक्या खाली करा. याला पैसे लागत नाहीत. ब्रेक मारला की घसरून टाकीवर जात असाल, तर सीटचा उतार चुकीचा आहे. मांडीच्या आतल्या बाजूला रग लागत असेल तर सीटची कड टोचतेय. आणि बैठकीची हाडंच ठणकत असतील तर फोम.

फोम अंगठ्याने दाबून पसंत करू नका. मऊ फोम सुरुवातीला सुखाचा वाटतो, मग वजनाखाली चेपतो आणि हाडं जवळपास खालच्या प्लॅस्टिकवर येतात. लांबच्या पल्ल्याला घट्ट फोम हवा, मागे रुंद आणि पुढे निमुळता. जेलचा थर चांगला वाटतो खरा, पण गाडी उन्हात उभी राहिली तर तो तापतो आणि लवकर निवत नाही.

माझी उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे पाय टेकण्याचा प्रश्न मला चांगला ठाऊक आहे. सरसकट फोम खरवडून सीट खाली घेतली की पाय टेकतात, पण गुडघ्याचा कोन आवळतो आणि दिवसभरात गुडघे बोलायला लागतात. मी सीटच्या पुढच्या दोन्ही कडा उतरवून घेते. मधली उंची तेवढीच राहते, मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली जातो. कारागिराला सांगायचं, फोम कापून झाला की कव्हर नुसतं ताणून दोन-चार पिनांवर अडकव. तसंच तासभर चालवून यायचं, जिथे टोचतं तिथे खडूने खूण करायची, पुन्हा तासून घ्यायचं आणि मगच पक्कं करायचं. शिवण बसायच्या जागेवर येऊ देऊ नका. ती टोचते, आणि पावसात पाणी तिथूनच फोममध्ये शिरतं.

टायर घेताना बाजूवरचे आकडे वाचायला शिका. १५०/७० आर १७ ६९ व्ही म्हणजे रुंदी १५० मिमी, भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के, आर म्हणजे बांधणी रेडियल (आतले दोर आडवे), रिम १७ इंची. ६९ हा भाराचा आकडा, म्हणजे ३२५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंत. भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. तुम्ही सामान आणि माणूस लादणार आहात. शेवटी चार अंकी तारीख असते, २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४वा आठवडा. एक साइज रुंद टायर टाकायचा मोह आवरा. रिम तीच राहते, टायर कडांना आवळला जातो, माथा जास्त गोल होतो आणि वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो. काही गाड्यांत तो चेनला घासतोही. पुढे एका बांधणीचा आणि मागे दुसऱ्या असंही करू नका. हवा थंड टायरमध्ये बघायची, गाडीच्या स्टिकरवरच्या भारासहित आकड्याप्रमाणे. टायरवर कोरलेला कमाल आकडा त्यासाठी नसतो. नवीन टायरवर पहिले दीडशे किलोमीटर सबुरीने घ्या, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत.

सामानाचा नियम छोटा आहे. जड वस्तू पॅनियरमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत, खाली आणि शक्य तितक्या पुढे. टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागची वरची पेटी, मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो, त्यात वजन भरलं की पुढचं चाक हलकं पडून हँडल डुलायला लागतं. त्यात रेनकोट ठेवा, टूलकिट नको. भरलेल्या गाडीचा मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा आणि हेडलाइटचा झोत पुन्हा खाली घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

वायरिंगला आधी वॅटची बेरीज. दोन २० वॅटचे दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर, फ्यूज ५ अँपिअरचा, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. गाडीचा ऑल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग) स्वतःचं काम भागवून किती शिल्लक ठेवतो ते मॅन्युअलमधून काढा. गरम ग्रिप आणि चार्जर त्याच शिलकीतून जायचे आहेत. दिवे रिलेवरून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या आणि रिले किल्लीच्या लाइनवर, म्हणजे गाडी बंद केल्यावर बॅटरी उतरत नाही. झिप टाय आवळण्याआधी हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून बघा, कुठलीही वायर ताणली जाता कामा नये. क्रॅश गार्ड आणि पॅनियरच्या फ्रेमचे बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पाना लावून तपासा. कंपनाने ते सैल होतातच.