ओव्हरक्लॉक करायचाय तर आधी मे महिन्याची तयारी

मावशीचा पोरगा लातूरला शिकायला असतो, परवा त्याचा फोन आला, दादा मी रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) घेतोय, ओव्हरक्लॉक किती करू, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर किती पळवू. मी म्हणलं तुझ्या रूमवर वरून स्लॅब आहे का पत्रे? तर म्हणाला पत्रे. मग तासभर जे बोललो तेच इथं लिहून काढतोय, कारण अजून चार-पाच जण हेच विचारायलेत आणि सगळे सुरुवात प्रोसेसरपासून करतात. आपल्याकडं सुरुवात खोलीपासून करायची.

म्हणजे कसं, फॅनवाला कुठलाही कूलर असो, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, आतली उष्णता फक्त हवेत टाकतो. माझं मशीन परभणीत आहे, डिसेंबरात खोली २४ डिग्रीला असताना फुल लोडवर प्रोसेसर ६८ दाखवायचा, तीच सेटिंग मे महिन्यात दुपारी ४२ ला लावली तर ८६. सेटिंगमध्ये काहीच बदललं नव्हतं, फक्त हवा बदलली. व्हिडिओत जो माणूस सांगतो ना की एवढा व्होल्टेज द्या काही होत नाही, तो एसी लावून बसलेला असतो. त्यामुळं पहिलं काम, एक साधं थर्मामीटर घ्या आणि टेबलाखाली जिथं कॅबिनेट ठेवणार तिथं दुपारी तीन वाजता मोजा, तो आकडा वहीत लिहा, पुढचं सगळं त्यावरून ठरतं. डेझर्ट कूलर असला तर खोली उतरते, चांगलंच आहे, पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका, बोअरचं क्षाराचं पाणी असतं आपलं, आत पांढरं साचतं आणि ओल वेगळीच.

दुसरं लाईट. ह्याला सगळे वगळतात आणि मला ह्याचाच जास्त राग येतो. इलेक्ट्रिशियनला बोलवून सॉकेटवर मल्टीमीटर लावून घ्या, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. जुन्या घरांत अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा असतो, आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरते, तेव्हा त्यात बादलीभर पाणी अधूनमधून घालायचं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉक वगैरे विसरा, आधी ते नीट करा. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणार असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं, आणि मग तुम्ही बसता व्होल्टेज वाढवत, दोष इन्व्हर्टरचा. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये, पैसे वाचवू नका, कॅबिनेटसोबत फुकट येणारा तर नकोच.

आता प्रोसेसर. इंटेलमध्ये ज्याच्या नावाशेवटी के किंवा केएफ आहे तोच खुला, म्हणजे वेग वाढवता येणारा, आणि त्याला झेड सीरिजचा मदरबोर्ड लागतो, म्हणजे झेड६९०, झेड७९० असले, बी६६० किंवा बी७६० वर रॅमचा स्पीड वाढवता येतो पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा गुणक, नाही. के आणि झेड दोन्हीचे पैसे जोडले की बजेट संपलंच. त्यामुळं आय३ १२१००एफ सारखा चार कोर आठ थ्रेडचा घेणार असाल तर तो जसा आहे तसाच वापरायचा म्हणून घ्या, वाईट नाही, पण ओव्हरक्लॉकच्या आशेनं घेऊ नका. रायझन जवळपास सगळे खुले असतात, पण बोर्ड बघावा लागतो, ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, बी४५० किंवा बी५५० पाहिजे. माझ्या एका मित्राला दुकानदारानं रायझन आहे ना, मग होतंय की, असं म्हणून ए५२० बोर्ड गळ्यात मारला, घरी येऊन बघतो तर बायोसमध्ये (बोर्डाची स्वतःची सेटिंग, विंडोजच्या आधी उघडते ती) ते पर्यायच नाहीत, आणि बदलून द्यायला नकार. पोरानं सोयाबीनचे पैसे आल्यावर घेतलं होतं हो.

बजेटमध्ये मी रायझन ५ ५६०० सांगतो, २०२२ चा आहे, सहा कोर बारा थ्रेड, ३.५ चा बेस म्हणजे मूळ वेग आणि ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, म्हणजे गरज पडली की स्वतःच चढतो तो, ६५ वॅटचा, आणि बॉक्समध्ये कूलर येतो. पण ध्यानात ठेवा, ह्यात ग्राफिक्स नाही. ग्राफिक कार्ड आत्ता घेणार नसाल तर ५६००जी घ्या, नाहीतर घरी जोडून बसाल आणि स्क्रीनवर काहीच येणार नाही, दुकानदाराला फोन लावाल की पीस खराब दिला. जी मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) कमी, १६ एमबी, साध्या ५६०० ला ३२, त्यामुळं नंतर कार्ड टाकलं तरी गेममध्ये थोडा मागंच राहतो. आणि बी४५० चा बोर्ड दुकानात पडून असलेला जुना स्टॉक असला तर त्याचा बायोस ह्या प्रोसेसरच्या आधीचा असू शकतो, तो दुकानातच अपडेट करून मागा. घरी करायचा झाला तर यूपीएसवरच, मधेच लाईट गेली तर बोर्ड गेला समजा.

घ्यायचं कुठून, तर नांदेडकडची मंडळी रेल्वेनं सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटरला जातात, बाकीचे पुण्याला नाहीतर ऑनलाईन. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या, आणि सीलबंद बॉक्सच घ्या, ट्रेमधला सुटा पीस स्वस्त मिळतो पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. रायझनच्या बॉक्सला खिडकी असते, आतल्या चिपवरचा नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळवून बघा. बरं, ओव्हरक्लॉक केलेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही, हे घरात ज्यांनी पैसे दिलेत त्यांना आधीच सांगा, मागून सांगण्यात अर्थ नाही.

स्वस्तातला पीस वाढवून वापरायची ही हौस जुनी आहे. १९९८ ला इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता, त्याची बस (बोर्डाशी बोलायचा वेग, त्याच्या पटीत प्रोसेसर पळतो) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५० व्हायचा, लोक त्यासाठीच घ्यायचे. आज कंपन्या तेवढी जागा शिल्लकच ठेवत नाहीत, बूस्टमध्ये आधीच पिळून घेतात, म्हणून दीडपटीची अपेक्षा ठेवू नका.

मशीन जोडलं की लगेच बायोसमध्ये घुसू नका. दोन-चार दिवस जसं आहे तसं चालवा, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो टाका, सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी दहा मिनिटं चालवून स्कोअर आणि सगळ्यात जास्त तापमान वहीत लिहा, खोलीचं तापमान शेजारी. मग आधी रॅम. एकाऐवजी दोन कांड्या लावा, दोन्ही चॅनल चालतात, आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला तिच्या लिहिलेल्या स्पीडवर नेणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर पडून राहते आणि लोकांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. मी तर म्हणतो निम्म्या लोकांचं काम इथंच होऊन जातं.

त्यानंतर बायोसमधले पीबीओ (रायझनची बूस्टची मर्यादा वाढवणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोरचा व्होल्टेज कमी-जास्त करणारी), आणि मॅन्युअल व्होल्टेज शेवटी, शक्यतो नाहीच. कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, १.२ चे १.३५ व्होल्ट केले तर क्लॉक म्हणजे वेग तेवढाच ठेवूनसुद्धा पाव हिश्शाहून जास्त उष्णता वाढते, आणि आपली खोली आधीच ४२ ला आहे. उलट कर्व्ह ऑप्टिमायझर मायनसमध्ये नेला की प्रोसेसर कमी व्होल्टेजवर चालतो, थंड राहतो, आणि थंड राहिला की स्वतःच जास्त वेळ वरच्या क्लॉकवर टिकतो. एक आकडा म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. मायनस १० नं सुरू करा, जमलं तर १५, २०, कुणाच्या पिसाला ३० चालतात कुणाच्या १५ ला पण नाही, दोन ५६०० सारखे नसतात.

चाचणीत इथं एक गोम आहे. सिनेबेंच पास झालं म्हणजे झालं असं नाही, कर्व्ह जास्त मायनस झाला तर मशीन फुल लोडवर नाही तर रिकामं असताना मरतं, तुम्ही निवांत ब्राउझर उघडून बसलात आणि फट्‌कन रिस्टार्ट, कारण तेव्हा एकटा कोर सगळ्यात वरच्या क्लॉकला उडी मारतो. म्हणून कोरसायकलर नावाचं सॉफ्टवेअर रात्रभर लावा, एकेक कोर तपासतो तो, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) नावाची एरर आलीय का बघा, आली की त्या कोरचा मायनस आकडा पाचनं कमी, म्हणजे मायनस २० चा मायनस १५. रॅमसाठी मेमटेस्ट वेगळा. बायोसमधून बाहेरच येता आलं नाही तर घाबरायचं नाही, बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसची सेटिंग मूळ जागेवर आणणाऱ्या पिना) कुठं आहे ते बोर्ड बसवायच्या आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, किंवा वायर काढून ती नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ बाहेर.

कूलर बदलायचा असला तर जुना सरळ वर ओढू नका, एएम४ मध्ये, म्हणजे ह्या रायझनच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेल्या पेस्टसोबत तो सॉकेटमधून उपसून येतो. आधी मशीन वीस मिनिटं चालवून तापवा, बंद करून वायर काढा, मग हलकं फिरवत सोडवा. धूळ महिन्याला, पुढची जाळी काढून ब्रशनं.

वहीतली सेटिंग बायोसमध्ये दोन प्रोफाइल करून सेव्ह करा, एक उन्हाळ्याची एक हिवाळ्याची, आणि उन्हाळ्याची मे महिन्यात दुपारी तीनलाच तपासा, ८५ च्या आत राहिली तरच ठेवा. पोराला सध्या मायनस १० वर थांबायला सांगितलंय. अक्षय्य तृतीयेला मी लातूरला जाणारच आहे, मल्टीमीटर सोबत नेतो, आधी त्याच्या रूमची अर्थिंग बघू.