मिलिंगच्या डीआरओचा आकडा पावसाळ्यात उड्या मारतो तेव्हा

म्हापशातल्या घरच्या वर्कशॉपात जुलैत मिलिंग मशीनच्या डीआरओवर (टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले आणि त्याची स्केल) एक्स अक्षाचा, म्हणजे टेबलाच्या आडव्या चालीचा, आकडा मध्येच उडायचा. दोष डिस्प्लेचा नव्हता. काचेच्या स्केलवर दमट हवेचं पाणी धरलं होतं, वर कूलंटचा तवंग. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसली आणि रबरी सीलची फट खाली येईल अशी स्केल फिरवून बसवली. मग डायल गेजने टेबलाला समांतर केली, पूर्ण लांबीत फरक 0.1 मिमीच्या आत. इथे आळस केला की स्केलवरून सरकत माप वाचणारा रीडर घासतो.

नवीन घेणार असाल तर आपल्या हवेत चुंबकीय स्केलच बरी. 5 मायक्रॉनपर्यंत मोजणारी पुरे. लांबी टेबलाच्या चालीपेक्षा थोडी जास्तच हवी, नाहीतर टोकाला रीडर आपटून फुटतो. बसवल्यावर 25 मिमीच्या स्लिप गेजने (अचूक मापाचा ठोकळा) ताडून बघा. आणि हो, डीआरओने बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) जात नाही, फक्त मापाला नडत नाही. क्लाइंब कटला (कटरचे दात जिकडे जातात तिकडेच काम सरकवून कापताना) टेबल ओढलं जाणारच, गिब्स (टेबलाची सरक घट्ट करणाऱ्या पट्ट्या) आवळा.