जुने सैनिकी विनोदपट कसे पाहावेत

गणवेशातला नायक, त्याचा धांदरट सोबती, रजेत भेटलेली तरुणी आणि मधूनमधून येणारी गाणी एवढ्या भांडवलावर हॉलिवूडने कितीतरी चित्रपट उभे केले. ते पाहताना कथेत नावीन्य शोधू नये, कारण कथा बहुधा ठरलेलीच असते. लक्ष ठेवावे ते शिस्तीवर, कारण इथले विनोद, प्रेम आणि संगीत तिन्ही तिच्याच जाचातून फुलतात.

सुरुवात १९४१ च्या 'बक प्रायव्हेट्स'ने करावी. अमेरिकेने सप्टेंबर १९४० मध्ये, देश अजून युद्धात उतरलेला नसताना, सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला आणि पुढच्याच जानेवारीत हा चित्रपट आला. समोर बसलेल्या तरुणांपैकी अनेकांना लवकरच छावणीत जावे लागणार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातल्या हलकेपणाचे मोल कळते. बड अॅबट आणि लू कॉस्टेलो या विनोदी जोडीचा कवायतीचा प्रसंग दोनदा पाहावा. पहिल्यांदा नजर साहजिकच कॉस्टेलोच्या चुकांवर राहते. दुसऱ्यांदा अॅबटकडे पाहावे, म्हणजे त्याचे हुकूम काटेकोर आहेत म्हणूनच समोरचा गोंधळ रंगतो, हे ध्यानात येते. याच चित्रपटात अँड्र्यूज भगिनी या तीन गायिकांच्या गाण्यातला शिकागोचा ट्रम्पेटवादक सैन्यात येऊन बिगुल फुंकतो, पण बूगी-वूगी या नाचऱ्या जाझ शैलीच्या तालावर. या प्रकारच्या चित्रपटांचे सारे मर्म या एका गाण्यात आहे.

त्यानंतर रजेचे चित्रपट घ्यावेत आणि घड्याळ विसरू नये. 'अँकर्स अवे' (१९४५) मधल्या खलाशांना चार दिवस मिळतात, तर 'ऑन द टाउन' (१९४९) मधल्या तिघांना न्यूयॉर्कमध्ये अवघे चोवीस तास. एरवी उथळ वाटावे असे झटपट जडणारे प्रेम इथे खरे वाटते, कारण जहाज कोणासाठी थांबणार नसते. 'ऑन द टाउन'च्या आरंभीच्या गाण्याचे चित्रण प्रत्यक्ष शहरात झाले आणि पुढचा बराचसा भाग स्टुडिओत. उघड्यावरच्या उजेडातून रंगवलेल्या पडद्यांसमोर जाताना त्या तिघांपैकी एक झालेल्या जीन केलीचे नृत्य कसे बदलते, हे निरखण्यासारखे आहे. संवादांसाठी उपशीर्षके जरूर लावावीत, मात्र नृत्याच्या वेळी ती बंद करावीत, म्हणजे नजर पावलांवरून हलत नाही.

फ्रेड अॅस्टेअरच्या 'यू'ल नेव्हर गेट रिच' (१९४१) मधले लष्करी कोठडीतले नृत्य चुकवू नये. तिथे त्याच्यासोबत कृष्णवर्णीय गायक-वादक दिसतात. प्रत्यक्षात त्या काळी अमेरिकी सैन्यात वर्णानुसार तुकड्या वेगळ्या होत्या आणि ती प्रथा मोडण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला. हे माहीत असेल, तर या चित्रपटांतल्या बराकींत बहुतेक गोरेच चेहरे का आहेत, ते समजते.

'जी. आय. ब्लूज' (१९६०) शेवटी ठेवावा. त्याचा नायक, गायक एल्व्हिस प्रेस्ली, स्वतः १९५८ मध्ये भरती होऊन पश्चिम जर्मनीत राहून आला होता आणि पडद्यावरही तो तिथलाच रणगाडा-सैनिक आहे. पैजेतून सुरू झालेले प्रेमप्रकरण आज खटकते, आणि ते खटकावेच. पण कठपुतळ्यांच्या खेळात तो बाहुलीला उद्देशून गातो, तो प्रसंग मात्र मध्येच न थांबवता सलग पाहावा.