स्कॅनला जाण्याआधी

डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली की पहिलं काम म्हणजे ती चिठ्ठी नीट वाचणं. कोणती तपासणी, शरीराचा कोणता भाग आणि कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून दिलं जाणारं औषध) देणार आहेत का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या. ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढ्यावर भागत नाही. वरच्या पोटाची असेल तर उपाशी जायचं असतं, ओटीपोटाची असेल तर लघवी तुंबवून. दोन्ही एकदम असतील तर उपाशीही राहायचं आणि पाणीही प्यायचं. हे न विचारता आलेल्या माणसाला परत जावं लागतं. आधीच दुखण्याने बेजार झालेल्याला असा हेलपाटा पडला की मला फार वाईट वाटतं, कारण तो एका प्रश्नाने टळला असता.

सूचना पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे त्या चुकत नाहीत. प्रत्येक यंत्र शरीरात वेगळीच गोष्ट बघतं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनला दिसतं ते किरण कुठे किती अडले हे: हाडं ते भरपूर अडवतात, फुप्फुसातली हवा जवळजवळ अडवतच नाही. सोनोग्राफी आवाजाचे प्रतिध्वनी ऐकते. एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून संकेत गोळा करतो. पेट स्कॅन दाखवतो कुठल्या पेशी साखर जास्त ओढून घेताहेत ते. आपण करतो ती तयारी म्हणजे त्या त्या यंत्राच्या वाटेतला अडथळा दूर करणं.

कागदपत्रांची पिशवी आदल्या रात्रीच भरा. चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, आधीच्या ऑपरेशनचे कागद आणि मुख्य म्हणजे जुन्या तपासण्या. नुसता जुना रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही न्या. फुप्फुसात छोटी गाठ दिसली तर रेडिओलॉजिस्टचा, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचा, पहिला प्रश्न असतो, ही आधी होती का? दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये ती तेवढीच दिसली, तर पुढची कितीतरी धावपळ आणि काळजी वाचू शकते. कपाटात पडलेली जुनी सीडी इतकी मोलाची असते.

आता सोनोग्राफी. इथे तयारीवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. आवाजाच्या लहरींना हवा चालत नाही. हवेचा थर लागला की त्या तिथूनच परत फिरतात आणि पलीकडचं काही दिसत नाही. त्वचेवर थंडगार जेल लावतात तो याचसाठी, की यंत्राचा प्रोब आणि त्वचा यांच्यात हवा राहू नये. आतड्यांतल्या गॅसवर मात्र जेलचा इलाज नाही, म्हणून वरच्या पोटाच्या तपासणीला साधारण सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. दुसरं कारण पित्ताशयाचं. काही खाल्लं, विशेषतः तेलकट, की पित्ताशय आकसून पित्त आतड्यात सोडतं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड भासते आणि आतला बारीक खडा नजरेतून सुटू शकतो. उपाशी माणसाचं पित्ताशय फुगलेलं, पित्ताने भरलेलं असतं. खडा असेल तर तो पांढराशुभ्र चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. म्हणून दुधाचा एक कप चहासुद्धा नको. च्युइंगम आणि सिगारेटही नको, त्यांच्याबरोबर हवा पोटात जाते. रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर चालतात का, ते विचारून ठेवा. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि इन्सुलिनचं काय करायचं हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.

ओटीपोटाच्या तपासणीला उलट. तासभर आधी साधारण लिटरभर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. भरलेलं मूत्राशय गॅसने भरलेल्या आतड्यांना बाजूला सारतं आणि गर्भाशय, अंडाशय किंवा प्रोस्टेट दिसायला एक खिडकी मिळते. पण सहन होत नाही इतकं ताणून धरण्यात फायदा नाही. तसं झालं तर संकोच न करता तिथल्या ताईंना सांगा, त्या मार्ग काढतात.

साध्या एक्स-रेची तयारी थोडकी आहे. गळ्यातलं, कानातलं, हातातलं जे काही तपासायच्या भागावर येतं ते उतरवून ठेवा. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या विल्हेल्म रोंटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचा एक्स-रे घेतला, त्यात बोटातल्या अंगठीचा ठसठशीत डाग दिसतो आणि त्याखालचं हाड झाकलं गेलंय. आजच्या यंत्रातही धातू नेमकं हेच करतो. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, असेल तर त्या दिवशी काखेत आणि छातीवर डिओडरंट, पावडर, क्रीम काहीही लावू नका. त्यातले कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि स्तनातल्या कॅल्शियमच्या ठिपक्यांशी त्यांची गल्लत होऊ शकते. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घेतली तर दाबताना दुखणंही कमी होतं.

गरोदर असाल, किंवा नुसती शंका जरी असेल, तरी एक्स-रे, सीटी किंवा पेटच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगा. कोणी विचारण्याची वाट पाहू नका.

सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक आडव्या चकत्या तयार करतो. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू असा दाखवला. किरण किती अडले हे मोजणाऱ्या, त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार असते. अडचण अशी की शेजारी शेजारी असलेल्या मऊ अवयवांचे आकडे फार जवळचे असतात. रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देतात. तो किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल, थायरॉईडचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा. पूर्वी कधी कॉन्ट्रास्टनंतर अंगावर पुरळ उठलं किंवा श्वास लागला असेल तर ही नोंद सगळ्यात महत्त्वाची. सुई टोचल्यावर अंगभर गरम लाट येते, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. लघवी झालेली नसते आणि हे मिनिटभरात ओसरतं. मला वाटतं हे प्रत्येकाला आधी सांगायलाच हवं, कारण ऐन वेळी घाबरून माणूस हलतो आणि चित्र बिघडतं. श्वास रोखून धरायची घरीच सवय करा, दहा-पंधरा सेकंद पुरतात.

किरणांची भीती अनेकांना असते आणि तिची टिंगल करू नये. निसर्गातूनच जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मिळतात. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.१ किंवा त्याहून कमी, पोटाच्या सीटीला मात्र ८ ते १० च्या आसपास. म्हणून नुकताच सीटी झाला असेल तर तो दाखवा, म्हणजे विनाकारण पुन्हा होणार नाही. पण गरजेचा स्कॅन भीतीपोटी टाळू नका.

एमआरआयमध्ये असे किरण नसतात, तरी सगळ्यात कडक तयारी याचीच. बहुतेक यंत्रांचं चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. आणि ते स्कॅन चालू नसतानाही जागंच असतं. ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर त्या खोलीत नेला तर तो उडत यंत्राकडे जातो. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, हाडातले स्क्रू, स्टेंट, जे काही शरीरात असेल ते सांगा आणि त्याचं कार्ड सोबत न्या. आजकालचे बरेच इम्प्लांट चालतात, पण ते कार्ड बघूनच ठरतं. वेल्डिंगचं किंवा ग्राइंडिंगचं काम कधी केलं असेल तर आवर्जून बोला. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा बारीक कण माणूस विसरतो, चुंबक विसरत नाही. त्वचेवर चिकटवायच्या औषधाच्या काही पट्ट्यांत धातूचा पातळ थर असतो, तो तापतो. पट्टी लावलेली असेल तर दाखवा. केसातल्या पिना, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, मस्कारा, धातूच्या धाग्याचे कपडे, सगळं बाहेर. गाऊन दिला तर निमूट बदला.

आत आवाज प्रचंड होतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन मागून घ्या. बंद जागेची भीती वाटत असेल तर वेळ ठरवतानाच सांगा, सौम्य झोपेचं औषध देता येतं. ते घेतलं तर घरी न्यायला कुणीतरी हवं. हातात एक फुगा देतात, तो दाबला की टेक्निशियन लगेच बोलतो. वीस ते पंचेचाळीस मिनिटं निश्चल पडायचं आहे, म्हणून आधी लघवीला जाऊन या.

पेट स्कॅनला वेळेवर पोहोचण्याइतकं दुसरं काही महत्त्वाचं नाही. टोचतात त्या साखरेला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. तुमचा डोस तुमच्या वेळेसाठीच मोजलेला असतो. आदल्या दिवसापासून व्यायाम नको, नाहीतर थकलेले स्नायूच साखर ओढतात. सहा तास उपाशी राहा, साधं पाणी मात्र भरपूर प्या. उबदार कपडे घाला, कारण थंडीत अंगातली उष्णता तयार करणारी तपकिरी चरबी कामाला लागते आणि ती चित्रात उजळते. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहा, मोबाईल बाजूला.

निघण्याआधी कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांनी भरपूर पाणी प्यावं, आणि रिपोर्ट कधी मिळेल, सीडी कुठून घ्यायची हे विचारावं. ती हातात पडली की काउंटरवरच नाव, वय, तारीख आणि डावी-उजवी बाजू तपासून घ्या.